सतरावी पट्टी

वैजाक्काच्या हातची आमटी खारट झाली असं विट्यात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच दवाखान्यात नेलं असतं. उन्हाळा लागला की निम्मं गाव मिरच्यांची पोती घेऊन तिच्या डंकावर यायचं. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. ते कुणीही विकत घेऊन बसवावं, विट्यात तशी सात होती. पण चटणीला मीठ किती, हे सांगणारी जीभ एकच होती. मिरची बदलली, लसूण ओला निघाला, खोबरं जुनं असलं की मिठाचं प्रमाण बदलतं, तिथे वजनकाटा कामाचा नाही. वैजाक्का चिमूटभर चटणी तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आजून दोन मुठी." बायका दोन मुठी घालायच्या. तिसरी घालायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून एप्रिलातल्या त्या दुपारी पुण्याहून आलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने, हेमलताने, भाकरीचा पहिला घास आमटीत बुडवून तोंडात घातला आणि ती थांबलीच. घास गिळण्यासाठी तिला अर्धा तांब्या पाणी लागलं. समोर बसलेली वैजाक्का तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कशी झालीया?"

"छान झालीय, अक्का."

"खरं सांग."

"मीठ जरा पुढं आहे."

"जरा न्हवं. लई असंल." वैजाक्काने आमटीचं भांडं बाजूला सरकवलं. "मला कळत न्हाई गं आता. दीड वर्स झालं. आधी मिठाची चव गेली, मग आंबटाची. गोड तेवढं लांबनं कळतंय. कुनाला सांगितलं न्हाई. सांगलीला जाऊन डॉक्टरला दाखवून आले, तर वय झालं म्हनला. पंचावन्न म्हंजे काय वय हाय व्हय?"

"मग चटणी?"

"अंदाजानं." वैजाक्का हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "डोळं मिटते, थोडं थांबते, म्हनते दोन मुठी. कवा बरोबर येतं, कवा न्हाई. बायका समजून घेत्यात, न्हाईतर मिरचीला नावं ठेवत्यात. मला कोन ठेवंल?"

हेमलता उठून आत गेली. स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाचा डबा होता आणि त्याच्यामागे रेशनच्या मिठाची पिशवी. पिशवीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'निम्मंच घाला, चव पूर्ण.' खाली बारीक अक्षरात 'एल-४० युक्त'. ते वाचायला तिला चष्मा लागला नाही. एल-४० च्या सुरक्षितता अहवालावर तिचीच सही होती.

हेमलता तोडकर ही पुण्याजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत मुख्य विश्लेषक होती. अन्नात घालायचा कुठलाही नवा पदार्थ, मग तो रंग असो, वास असो की टिकाऊपणाची भुकटी, बाजारात जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचा. तो खाऊन माणसाला काही होत नाही, असं तिने म्हटलं की बाकीचे निर्धास्त खात. नोकरी एवढीच, पण तिचा तिला अभिमान होता, आणि थोडा ताठाही होता.

एल-४० ही खरं तर गुणी वस्तू. आपल्या जिभेवर मिठाची खबर घेणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींना बारीक दरवाजे असतात. मिठाचे कण त्यातून आत गेले की खारट लागतं. एल-४० ही सात अमिनो आम्लांची चिमुकली साखळी तो दरवाजा नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उघडा धरते, त्यामुळे निम्मं मीठ घातलं तरी जिभेला पुरं वाटतं. रक्तदाबाने घरोघरी माणसं आडवी होत असताना ही साखळी म्हणजे वरदानच होतं. पोटात गेल्यावर तिचे सात मणी सुटे होऊन पचतात आणि मागे काही उरत नाही, एवढं फक्त सिद्ध करायचं होतं.

ते काम पट्ट्यांवर चालायचं. प्राण्यांवरच्या चाचण्या बंद होऊन काही वर्षं झाली होती. आता काडेपेटीएवढी पारदर्शक पट्टी असायची, तिच्यात केसासारखी बारीक नळी, नळीच्या भिंतींना माणसाच्या आतड्याच्या जिवंत पेशी आणि आत एका खऱ्या माणसाच्या पोटातले जिवाणू. थोडक्यात, पट्टी म्हणजे एका माणसाचं पोट. प्रत्येक पदार्थासाठी चोवीस माणसांची चोवीस पोटं लावायची आणि त्यांतली निदान सहा शहराबाहेरची असावीत, असा नियम होता. हेमलताकडे शहराबाहेरचे पाचच नमुने जमले. सहावा माणूस ऐनवेळी लाजला आणि गावी निघून गेला.

तेव्हा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, तिने वैजाक्काला गळ घातली होती. नमुना म्हणजे काय द्यायचं, हे कळल्यावर वैजाक्का पोट धरून हसली होती. "आगं बया, येवढी शिकलीस ती ह्येच्यासाठी? दहावी-बारावीला माझ्या घरी ठेवून घेतली, तवा म्हनले पोरगी सायब हुईल. आन् सायब झाली तर माझ्या परसाकडंचं गोळा कराया आली." हसून झाल्यावर मात्र तिने सगळं सांगितलं तसंच केलं. बंद बरणी बाहेरून साबणाने दोनदा धुतली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि हेमलताने आणलेल्या बर्फाच्या पेटीत स्वतःच्या हाताने ठेवली. ती पेटी हेमलताने मांडीवर घेऊन पुण्याला आणली. पेटीत तापमान नोंदवणारं बटण होतं. त्याची रेघ विट्यापासून पुण्यापर्यंत चार अंशांवरून हलली नव्हती.

सहा आठवड्यांनी तेवीस पट्ट्यांचा निकाल स्वच्छ आला. सतराव्या पट्टीत, म्हणजे वैजाक्काच्या, यंत्राने काढलेल्या आलेखात एक नको ते टोक दिसलं. तिच्या पोटातला कुठलासा जिवाणू एल-४० ला भलत्याच ठिकाणी तोडत होता आणि चार मण्यांचा एक तुकडा न पचता शिल्लक राहत होता. हेमलताने पट्टीतला तोच द्रव यंत्रात पुन्हा सोडला. टोक पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही आलं.

नियमाप्रमाणे दोनच वाटा होत्या. एक तर सतरावी पट्टी नव्याने लावायची आणि आणखी सहा आठवडे थांबायचं, किंवा कारण लिहून ती वगळायची. अहवाल चार दिवसांत द्यायचा होता. संचालक डॉ. देवस्थळी दारात येऊन एवढंच म्हणाले, "कारण आहे ना? मग वगळ." त्यांनी दाब टाकला नाही, डोळेही वटारले नाहीत. पुढे कित्येकदा हेमलताला वाटलं, त्यांनी दाब टाकला असता तर बरं झालं असतं, दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

तिने कारण लिहिलं. 'नमुनादात्याने नमुना घरच्या फ्रिजमध्ये उघड्या अन्नासोबत ठेवला. हाताळणी अस्वच्छ. नमुना दूषित.' खाली सही केली. नमुनादात्याचं नाव तिथे नव्हतं, नुसता सतरा आकडा होता. आकड्याला कशाला वाईट वाटतंय, असं तिने स्वतःला समजावलं. चोविसातला एक म्हणजे उभ्या महाराष्ट्रात पन्नास लाख माणसं, हे गणित तिला येत नव्हतं असं नाही. तिने ते मांडलं नाही, एवढंच.

आणि आता ती त्याच बहिणीच्या स्वयंपाकघरात मिठाची पिशवी हातात घेऊन उभी होती. बाहेर जाऊन खरं सांगायचं सोडून ती म्हणाली, "अक्का, हे मीठ आजपासून वापरू नकोस. साधं आण." मग पर्समधून तिने एक स्वच्छ बाटली काढली. "आणि यात थोडी लाळ दे. जीवनसत्त्व कमी असेल, बघते तपासून."

"तू हायस म्हनून बरं," म्हणत वैजाक्काने बाटली घेतली. खाई त्याला खवखवे म्हणतात. परतीच्या बसमध्ये हेमलताने ती बाटली पुण्यापर्यंत मुठीत धरून ठेवली.

लाळेचा नमुना तिने फरझाना मुजावरकडे दिला. फरझाना तिच्या हाताखाली दोन वर्षं काम करणारी मुलगी, मूळची मिरजेची, हाताने चोख आणि तोंडाने तिखट. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली.

"मॅडम, हा कुणाचा नमुना?"

"ओळखीच्या बाई आहेत. का?"

"यात चार मण्यांचा एक तुकडा सापडतोय. मी एल-४० च्या साखळीशी जुळवून बघितला, त्यातलाच आहे. पण आपल्या अहवालात तर तो कुठे तयारच होत नाही." फरझानाने खुर्ची ओढली. "म्हणून मी जुनी फाईल काढली. तेवीस पट्ट्यांचे आकडे दिसतात. सतरावी वगळलीय, मूळ आकडे कुलूपबंद आहेत. कारण वाचलं मी. माणसं पण काय असतात ना, मॅडम. मेलं एवढं सांगून नमुना घ्यायचा आणि ते तो भाजीच्या भांड्याशेजारी ठेवणार. यांच्यामुळे आपली मेहनत वाया जाते."

हेमलताने मान डोलावली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं कृत्य कोणतं असं कुणी तिला विचारलं असतं, तर तिने ती सही सांगितली नसती. फरझानाच्या या वाक्यावर आपण मान डोलावली, हे सांगितलं असतं.

पुढचे तीन आठवडे फरझानाने जिभेच्या पेशींच्या पट्टीवर तो तुकडा सोडून बघितला. जिभेवरच्या चवीच्या पेशी फार जगत नाहीत, दहाबारा दिवसांत जुन्या गळतात आणि नव्या येतात. नव्या कुठून येतात, तर बुडाशी असलेल्या बीजपेशींमधून. हा चार मण्यांचा तुकडा पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत येत होता आणि त्या बीजपेशींना निजवत होता. जुन्या पेशी गळत, नव्या येत नसत. थोडे दिवस देऊन तुकडा बंद केला की बीजपेशी पुन्हा जाग्या होत. जास्त दिवस दिला की उठत नसत. माणसाचा विचार केला तर ती सीमा साधारण वर्षाची येत होती. वैजाक्काला दीड वर्ष झालं होतं.

कोणता जिवाणू, तेही सापडलं. लहानपणापासून ज्वारीची आंबील आणि भाकरी खाणाऱ्यांपैकी काही जणांच्या पोटात तो सुखाने नांदत होता. पुण्याच्या ब्रेड-बिस्किटवाल्या पोटांत तो जवळजवळ नव्हताच. शहराबाहेरचे बाकीचे पाच नमुने कुणाचे होते, ते हेमलताने पुन्हा तपासलं. पाचही जण महामार्गावरच्या एकाच कारखान्याच्या वसाहतीत राहणारे, तिथल्याच कँटीनमध्ये जेवणारे होते. नियम कागदावर पाळला गेला होता. खरं गावातलं पोट चोविसात एकच होतं, आणि तेच तिने काढून टाकलं होतं.

तीन जिल्ह्यांत रेशनवर दोन वर्षं प्रयोग झाल्यावर आता जूनपासून तेच मीठ राज्यातल्या सगळ्या शाळांच्या दुपारच्या जेवणात जाणार होतं. हेमलता सगळे कागद घेऊन डॉ. देवस्थळींकडे गेली. त्यांनी ते नीट वाचले. माणूस वाईट नव्हता.

"गंभीर आहे," ते म्हणाले. "नवा अभ्यास लावू. चोवीसच्या ठिकाणी शंभर पट्ट्या घेऊ. उत्तम शोधनिबंध होईल तुझा."

"किती दिवस लागतील, सर?"

"चौदा महिने."

"शाळा पुढच्या महिन्यात सुरू होतात."

"त्याला इलाज नाही. तात्काळ थांबवायचं तर एकच रस्ता आहे, जुना अहवालच मागे घ्यायचा. त्यासाठी सतराव्या पट्टीचे मूळ आकडे उघडावे लागतील." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि त्या कारणाखाली सही तुझी आहे, हेमलता. नमुना घेतल्यापासून पेटीतच होता हे दाखवणारी बर्फाच्या पेटीची रेघ त्या आकड्यांसोबतच कुलूपबंद आहे. ती बघितली की शेंबडं पोरसुद्धा सांगेल की कारण खोटं आहे. तुझी नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. मला तुझी काळजी आहे म्हणून सांगतोय."

"मला कळतंय, सर."

"आणखी एक. वगळलेले आकडे उघडायला नमुनादात्याची संमती लागते. नियम तुला माहीत आहे."

नियम तिला माहीत होता. नव्या मुलांना तोच शिकवत आली होती ती. वगळलेल्या नमुन्याचं पान नमुनादात्याला त्याच्या भाषेत, वगळण्याच्या कारणासकट, शब्द न गाळता वाचून दाखवायचं, आणि सही त्याच पानावर घ्यायची. माणसाच्या शरीरातून काही घेतलं तर त्याबद्दल काय लिहिलं हे कळण्याचा त्याला हक्क आहे, असं ती दरवर्षी फळ्यापुढे उभी राहून सांगायची. ते सांगताना तिचा आवाज मोठा व्हायचा.

चार दिवस ते पान तिच्या बॅगेत होतं. एकदा तिच्या मनात आलं, अक्काला म्हणावं, सरकारी कागद आहे, सही कर. अक्काने न वाचता केली असती. बहिणीने पुढे केलेल्या कागदावर तिने आजवर कधी काय आहे म्हणून विचारलं नव्हतं. हा विचार मनात आला, याचीच हेमलताला भीती वाटली आणि पाचव्या दिवशी सकाळी तिने विट्याची बस पकडली.

मे महिना अर्धा संपला होता. डंकावर चटणीची गर्दी होती. अंगणात सातआठ बायका आपापली पातेली घेऊन बसल्या होत्या आणि शिंका देत होत्या. वैजाक्का पदराने नाक पुसत आत आली.

"आशी अवचित? जिवनसत्व मिळालं का माझं?"

"अक्का, बस. एक कागद वाचून दाखवायचा आहे."

"वाच की."

हेमलताने वाचलं. एल-४० म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, सतरावी पट्टी कुणाची. तो तुकडा काय करतो, तेही सांगितलं. मग ती कारणापाशी आली. तिचा आवाज बसला, पण तिने एकही शब्द गाळला नाही. घरच्या फ्रिजमध्ये. उघड्या अन्नासोबत. हाताळणी अस्वच्छ.

बाहेर डंकाचे ठोके पडत होते.

"म्हंजे माझी जीभ त्या मिठानं गेली," वैजाक्का म्हणाली.

"हो."

"परत येनार न्हाई?"

"बहुतेक नाही, अक्का. वर्षाच्या आत मीठ बंद झालं असतं तर आली असती."

"आन् तुला तवाच दिसलं हुतं."

"ते काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. पण काहीतरी आहे, हे दिसलं होतं."

वैजाक्काने पान स्वतःच्या हातात घेतलं. सातवीपर्यंतची शाळा तिची. बोट ठेवून तिने ती ओळ शोधली आणि हळूहळू, अक्षर लावत, मोठ्याने वाचली. 'अस्वच्छ' या शब्दावर बोट थांबलं.

"जीभ गेली ती गेली," ती म्हणाली. "चुकतं मानूस. तुझ्या हातनं मिठाचं चुकलं, माझ्या हातनं बी चुकतं. पर मी दोनदा साबनानं धुवून दिलं हुतं गं. तू माझ्याम्होरं उभी हुतीस. आन् तू लिवलंस, ही बाई घान हाय."

"अक्का, तिथे तुझं नाव नव्हतं."

"मला ठावं हाय ना पर. आन् तुला ठावं हुतं."

हेमलताला रडू आलं. वैजाक्काने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाणीही दिलं नाही. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "सही कशाला पायजे?"

"शाळेच्या जेवणात हे मीठ येणार आहे. ते थांबवायचं तर हे पान उघडावं लागेल. तुझी संमती लागते."

"सही केल्यावर तुझं काय हुईल?"

"नोकरी जाईल. पुढचं माहीत नाही."

वैजाक्काने पेन मागितलं. कागद भिंतीला टेकवून, जीभ दातांत धरून तिने पूर्ण नाव लिहिलं, वैजयंता शंकर पिसाळ. मग पेनाचं टोपण लावून ते परत दिलं आणि ती सरळ अंगणात निघून गेली. हेमलता तिच्या मागोमाग गेली. आत एकटीने बसण्याचं धैर्य तिला नव्हतं.

"डंक बंद करा जरा," वैजाक्का म्हणाली. ठोके थांबले. बायकांनी वर बघितलं. "माझं आयका. माझ्या तोंडाला चव न्हाई. दीड वर्स झालं. गेल्या साली आन् औंदा तुमच्या चटन्या मी अंदाजानं केल्या. डोळं मिटायची ती नुसती तुमाला दाखवायला. ज्येंची खारट झाली त्येंची मिरची वाईट नव्हती, माझंच चुकलं. आधी सांगाया पायजे हुतं. लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाई."

एवढं बोलून ती उंबऱ्यावर बसली. तिला जेमतेम मिनिट लागलं होतं. हेमलता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अक्काला पान कळून अजून तास झाला नव्हता, आणि अक्काने आपल्या खोट्याची गाठोडी सगळ्या गावापुढे सोडूनही टाकली होती. आपण मात्र तेवढ्यासाठी तीन वर्षं घेतली होती, आणि तीही नियमाने भाग पाडलं म्हणून.

पातेल्यापाशी बसलेली सखू माळी नावाची म्हातारी पहिल्यांदा बोलली. "आसं कसं झालं गं वैजे? तुझी जीभ म्हंजे गावाची जीभ. कशानं गेली?"

वैजाक्काने उत्तर दिलं नाही. तिने हेमलताकडे बघितलंही नाही. पदराच्या टोकाने ती हातावरची तिखटाची पूड पुसत राहिली. ते उत्तर तिचं नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याच्यासाठी तिने जागा मोकळी ठेवली होती.

"रेशनच्या मिठाने गेली," हेमलता म्हणाली. "त्यात घातलेला पदार्थ मी तपासला होता. चालेल म्हणून सही मी केली होती."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी विचारलं, आमच्या घरात बी तेच मीठ हाय, आमचं काय? आजच बंद करा, हेमलताने सांगितलं, ज्यांची चव अलीकडे गेली असेल त्यांची परत येईल. शाळेत येणार होतं, तेही आता थांबेल. एक तरुण बाई पातेलं तसंच टाकून घराकडे धावली. तिला दोन लहान मुलं होती.

सखू माळी मात्र जागची हलली नाही. तिने आधी वैजाक्काला विचारलं, "तुला कवा कळलं म्हनं ह्ये?"

"आत्ताच. तासाभरामागं."

म्हातारीने मान वळवली. "आन् तुला गं?"

गेल्या महिन्यात, असं उत्तर हेमलताच्या ओठांवर तयार होतं. लाळेचा अहवाल गेल्याच महिन्यात आला होता. त्यावर तारीख होती, फरझानाची सही होती, कुठल्याही चौकशीपुढे ते टिकलं असतं. कारण म्हणून ते अगदी नियमात बसणारं होतं. उंबऱ्यावर बसलेल्या वैजाक्काचा पुसणारा हात थांबला.

"तीन वर्षांपूर्वी," हेमलता म्हणाली.